बोलोन्याचा सिंदाको : एका नगरप्रमुखपदाची जडणघडण

प्रास्ताविक

स्थानिक स्वराज्य संस्थांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात तुलनेसाठी प्रायः इंग्लंडचा नमुना घेतला जातो. ते स्वाभाविकही आहे. आपल्या नगरपालिकांचे कायदे त्याच मुशीतून निघाले. तथापि युरोप खंडातील नगरशासनाची परंपरा निराळी असून तिच्यात नगरप्रमुखाच्या पदाला जे स्थान आहे, त्याची कल्पना आपल्याकडील महापौरपदावरून येत नाही. प्रस्तुत लेखात इटलीतील बोलोन्या या नगराच्या प्रमुखपदाचा आणि ते भूषविणाऱ्या काही व्यक्तींचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

इटलीत नगरप्रमुखास 'सिंदाको' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ न्यायसभेत दुसऱ्याच्या बाजूने उभा राहणारा, म्हणजे एका अर्थी वकील. त्याच शब्दाला पुढे हिशेब तपासणारा असाही अर्थ चिकटला आणि कंपनीच्या हिशेबतपासनिसांना इटालियन भाषेत आजही सिंदाकोच म्हणतात. सावरकरांनी घडविलेल्या 'महापौर' या शब्दात पौरजनांमधील अग्रणीत्वाची छटा आहे. सिंदाको या शब्दात प्रतिनिधित्व आणि उत्तरदायित्व या दोन छटा आहेत. शिवाय १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे राहिली व महापौर सभेचा अध्यक्ष झाला. सिंदाकोच्या हाती मात्र कार्यकारी सत्ताच असते. या कारणास्तव येथे 'महापौर' हा प्रतिशब्द न योजता मूळ शब्दच ठेवला आहे.

या पदाच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : सिंदाकोला सिंदाको कोण करतो? राजा, नगरसभा, पक्ष की मतदार? या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आणि ते जसजसे बदलले तसतसा त्या खुर्चीवरील मनुष्यही बदलत गेला. बोलोन्याची निवड करण्याचे कारण एवढेच, की हे सर्व बदल तेथे इतर नगरांपेक्षा अधिक ठळकपणे दिसतात. एमिलिया-रोमान्या प्रदेशाची ही राजधानी सुमारे चार लाख वस्तीची. इटालियन लोक तिला तीन विशेषणे लावतात : विदुषी, पुष्ट आणि लाल. पहिले १०८८ या परंपरागत स्थापनावर्षाच्या विद्यापीठामुळे, दुसरे तेथील पाककलेमुळे. तिसरे मुळात विटांच्या व कौलांच्या रंगामुळे असले तरी १९४५ नंतर त्याचा राजकीय अर्थच अधिक रूढ झाला.

परका पोदेस्ता

बोलोन्याच्या नागरिकांना सम्राट पाचव्या हेन्रीने १११६ मध्ये जी मान्यता दिली, तिच्यापासून तेथील स्वायत्त नगरशासनाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. या मध्ययुगीन नगरराज्याने पुढे 'पोदेस्ता' नावाचा अधिकारी नेमण्यास सुरुवात केली. त्याची व्यवस्था मोठी विलक्षण होती. पोदेस्ता नगराबाहेरचा असला पाहिजे असा दंडक होता. स्थानिक घराण्यांच्या वैरात तो कोणाचाच नातलग नसावा हा त्यामागील हेतू. तो आपले न्यायाधीश व लेखनिक बरोबर घेऊन येई, ठरावीक मुदतीपुरता कारभार पाही आणि मुदत संपल्यावर त्याच्या वर्तनाची व हिशेबांची रीतसर तपासणी होई. तपासणीस 'सिंदिकातो' म्हणत. ती पुरी होईपर्यंत त्याला नगर सोडता येत नसे. आजच्या सिंदाकोच्या नावात आपल्याला या तपासणीची आठवण दिसते. पद मात्र नेमके उलट आहे : पोदेस्ता परका असावा लागे, सिंदाको आपला असावा अशी अपेक्षा असते.

याच काळात, १२५६-५७ मध्ये, बोलोन्याने सुमारे ५,८०० भूदासांना त्यांच्या मालकांस मोबदला देऊन मुक्त केले. त्यांच्या नावांची नोंदवही 'लिबर पॅराडायसस' या नावाने प्रसिद्ध आहे. मुक्त झालेला मनुष्य करदाता होतो, हा व्यवहारही या निर्णयामागे होताच. परंतु त्यामुळे त्याचे महत्त्व कमी होत नाही.

१५०६ मध्ये पोप दुसरा जूलियस याने बोलोन्या जिंकले आणि नेपोलियनच्या स्वारीपर्यंत व तिच्यानंतर पुन्हा १८५९ पर्यंत नगर पोपच्या सत्तेखाली राहिले. त्या काळातील नगरप्रमुख दर दोन महिन्यांनी बदलत असे. खरी सत्ता पोपच्या प्रतिनिधीकडे होती; त्यामुळे हा काळ येथे ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही.

राजाचा मनुष्य, मग सभेचा

इटलीच्या एकीकरणानंतर १८६५ मध्ये जो कायदा झाला, त्याने सर्व देशाला एकाच साच्याची नगरशासनपद्धती दिली. नगरसभा निवडली जाई, अर्थात कर भरणाऱ्या थोड्या पुरुषांकडून. आणि सभेच्या सदस्यांमधून सिंदाकोची नेमणूक राजा करी. म्हणजे त्याच्या अंगी दोन भूमिका जन्मतःच आल्या : तो नगराचा प्रमुख होता आणि त्याच वेळी शासनाचा अधिकारी होता. या दुहेरीपणाचे मूळ फ्रेंच पद्धतीत आहे. प्रांतात शासनाचा प्रतिनिधी म्हणून प्रिफेक्ट असे आणि सिंदाकोवर त्याची देखरेख असे.

१८८९ पासून प्रांतांच्या मुख्य नगरांत व मोठ्या नगरांत सिंदाकोची निवड नगरसभेकडे आली. १८९६ मध्ये हा अधिकार लहानमोठ्या सर्व नगरांना मिळाला. बोलोन्यात या नव्या पद्धतीखाली दीर्घकाळ पद सांभाळणारा पहिला महत्त्वाचा सिंदाको म्हणजे आल्बेर्तो दाल्लोलिओ (१८९१-१९०२). तो उदारमतवादी, सुसंस्कृत आणि काटकसरी प्रशासक होता. मध्ययुगीन तटबंदी पाडून नगर बाहेर विस्तारण्याची योजना १८८९ च्या आराखड्यातील. तट पाडण्याचे काम १९०२ मध्ये सुरू झाले. आज त्या तटाच्या जागी वर्तुळाकार रस्ता आहे आणि जुने दरवाजे तेवढे एकाकी उभे आहेत.

भाकरीचा सिंदाको आणि चौकातील गोळीबार

मताधिकाराचा विस्तार झाल्यानंतरची पहिली नगरसभा निवडणूक १९१४ मध्ये झाली व समाजवादी पक्ष विजयी झाला. फ्रांचेस्को झानार्दी सिंदाको झाला. तो मूळचा मांतोव्हा प्रांतातला. त्याच्या घोषणेत दोनच शब्द होते : पाव आणि मुळाक्षरे. पदावर येऊन काही आठवडे होतात न होतात तोच महायुद्ध भडकले आणि १९१५ मध्ये इटली त्यात उतरली. धान्याचे भाव वाढले, साठेबाजी सुरू झाली. झानार्दीने नगरपालिकेतर्फे स्वतंत्र ग्राहक संस्था उभारली, नगरपालिकेच्या भट्टीत पाव भाजून घेतला आणि नियंत्रित दराने विकला. खासगी दुकानदारांनी दर वाढवावेत तर शेजारीच नगरपालिकेचे दुकान. परिणामी त्याला 'भाकरीचा सिंदाको' हे नाव पडले आणि ते आजही टिकून आहे. नगरपालिका केवळ दिवे-गटारांचे खाते नसून बाजारातील एक पक्ष होऊ शकते, ही कल्पना बोलोन्यात येथून रुजली. पुढील साम्यवादी सिंदाकोंनी तिचा वारसा सांगितला, त्यात काही वावगे नव्हते.

१९२० च्या शरद ऋतूतील निवडणुकीत समाजवाद्यांना पुन्हा मोठे बहुमत मिळाले. २१ नोव्हेंबर १९२० रोजी एन्नियो न्यूदी या रेल्वे कामगाराची सिंदाको म्हणून निवड झाली. नव्या सिंदाकोने पालाझ्झो दाक्कुर्सिओ या नगरवाड्याच्या सज्जातून पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकात जमलेल्या लोकांना दर्शन द्यावे, असा बेत होता. सशस्त्र फॅसिस्टांनी चौकावर चाल केली. गोळीबार, वाड्यातून फेकलेले बाँब आणि घबराट यांत चौकात दहा जण मरण पावले. सभागृहात जूलियो जोर्दानी हा विरोधी पक्षाचा सदस्य, युद्धात अपंग झालेला वकील, गोळी लागून ठार झाला. नगरसभा बरखास्त झाली आणि प्रशासक आला. न्यूदीचे सिंदाकोपद त्याच दिवशी जन्मले व त्याच दिवशी संपले असे म्हटले तरी चालेल.

या घटनेचे महत्त्व एका नगरापुरते नाही. ग्रामीण एमिलियातील फॅसिस्ट टोळ्यांच्या प्रसाराला या दिवसानंतर वेग आला, याविषयी इतिहासकारांत फारसा मतभेद नाही. १९२३ मध्ये फॅसिस्ट वर्चस्वाखाली नवी सभा आली व जलशास्त्राचे प्राध्यापक उम्बेर्तो पुप्पिनी सिंदाको झाले. १९२६ च्या कायद्यांनी निवडून येणारा सिंदाको आणि निवडून येणारी सभा ही दोन्ही देशभर रद्द केली. त्यांच्या जागी राजाज्ञेने नेमलेला अधिकारी आला व त्याला मुद्दाम जुनेच नाव देण्यात आले : पोदेस्ता. मध्ययुगाचे वैभव आठवावे हा त्यात हेतू. परंतु मध्ययुगीन पोदेस्ताची शेवटी तपासणी होत असे, याचा या नव्या कायद्याला सोयिस्कर विसर पडला. बोलोन्याचा पहिला फॅसिस्ट पोदेस्ता लेआंद्रो आर्पिनाती होता. १९२० मध्ये चौकावर चालून गेलेल्यांचा तो म्होरक्या. सहा वर्षांनी तो त्याच वाड्यात अधिकृत मार्गाने शिरला.

दोझ्झाची एकवीस वर्षे

२१ एप्रिल १९४५ रोजी बोलोन्या मुक्त झाले. नगरात प्रथम प्रवेश करणाऱ्या दोस्त सैन्यांत पोलंडची तुकडी होती. राष्ट्रीय मुक्ती समितीने जुझेप्पे दोझ्झा याला सिंदाको नेमले आणि दोस्तांच्या लष्करी प्रशासनाने ही नेमणूक मान्य केली. दोझ्झा १९०१ मध्ये बोलोन्यातच जन्मला होता. साम्यवादी पक्षाचा कार्यकर्ता म्हणून त्याची बरीच वर्षे फ्रान्समध्ये निर्वासित अवस्थेत गेली. मार्च १९४६ मध्ये नगरसभेची निवडणूक झाली. इटलीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले ते त्या वसंतातील या स्थानिक निवडणुकांत. दोझ्झा निवडून आला आणि पुढे १९५१, १९५६, १९६० व १९६४ या प्रत्येक निवडणुकीनंतर सभेने त्यालाच पुन्हा सिंदाको केले. १९६६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्याने पद सोडले.

शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य गोटातील एका मोठ्या नगराची सत्ता साम्यवाद्यांकडे असावी, हे दृश्य जगाला नवलाचे वाटे. रोममध्ये ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाचे सरकार. त्याचा प्रिफेक्ट बोलोन्याच्या ठरावांवर डोळा ठेवून. अशा परिस्थितीत दोझ्झाने क्रांती केली नाही. त्याने अंदाजपत्रक जमाखर्चाच्या तोंडमिळवणीसह मांडले. हे वाक्य विनोदी वाटेल, परंतु त्याच्या राजकारणाचे रहस्य यातच होते. तुटीचे अंदाजपत्रक प्रिफेक्टच्या हाती आयते शस्त्र ठरले असते. लहान कारागीर, दुकानदार, सहकारी संस्था व कामगार यांची आघाडी टिकवायची, कर श्रीमंतांवर थोडा अधिक बसवायचा, बालवाड्या आणि घरे बांधायची, हा कार्यक्रम. १९६० च्या दशकात मात्र तुटीची भीती सोडून मोठी गुंतवणूक करण्याचे धोरण आले.

जोव्हान्निनो ग्वारेस्की याने १९४६ पासून लिहिलेल्या दोन काम्मिल्लोच्या कथांमुळे एमिलियातील साम्यवादी सिंदाकोचे एक चित्र जगभर पसरले : रांगडा, भांडखोर, अंतर्यामी भाविक पेप्पोने. ते चित्र खेड्यातील आहे. दोझ्झाचा प्रतिस्पर्धी खेड्यातील धर्मगुरू नव्हता. तो होता जुझेप्पे दोस्सेत्ती, इटलीच्या संविधानाच्या शिल्पकारांपैकी एक. राष्ट्रीय राजकारणातून निवृत्त झालेल्या या विद्वान कायदेपंडिताला कार्डिनल लेर्कारो यांनी १९५६ च्या निवडणुकीसाठी आग्रहपूर्वक उभे केले. दोस्सेत्तीने आपला कार्यक्रम 'बोलोन्याविषयीची श्वेतपुस्तिका' या नावाने प्रसिद्ध केला. नगराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला आपली सल्लागार सभा द्यावी, ही त्यातील मध्यवर्ती सूचना होती. तो हरला. काही काळ विरोधी बाकावर बसला आणि मग दीक्षा घेऊन धर्मगुरू झाला.

परंतु त्याची सूचना हरली नाही. साम्यवादी नगरसभेने ती स्वीकारली; १९६४ मध्ये विभागसभा प्रत्यक्षात आल्या. १९७६ च्या राष्ट्रीय कायद्याने अशा सभांना देशभर मान्यता दिली. पराभूताचे पुस्तक विजेत्याने राबवावे, असे उदाहरण आधुनिक नगरशासनाच्या इतिहासात फार आढळत नाही. दोझ्झाचे मोठेपण सांगताना त्याच्या अंदाजपत्रकांइतकाच या गोष्टीचा उल्लेख व्हावा असे मला वाटते.

दोझ्झानंतर आलेल्या ग्विदो फान्तीने (१९६६-७०) हा संवाद पुढे नेला. १९६६ मध्ये नगरपालिकेने कार्डिनल लेर्कारो यांना मानद नागरिकत्व दिले. एका साम्यवादी सिंदाकोने पोपच्या जुन्या राज्यातील कार्डिनलचा केलेला हा सत्कार त्या काळी खूप गाजला. जपानी वास्तुविशारद केन्झो तांगे यांना नव्या प्रदर्शन वसाहतीचे काम फान्तीच्याच काळात मिळाले. १९७० मध्ये इटलीत प्रादेशिक शासने आली, तेव्हा फान्ती एमिलिया-रोमान्याचा पहिला अध्यक्ष झाला.

झांगेरी : प्राध्यापक सिंदाको

रेनातो झांगेरी (१९७०-८३) शेतीच्या आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. त्यांच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध हा बोलोन्याच्या कीर्तीचा कळस. पिएर लुईजी चेर्व्हेल्लाती यांच्या योजनेने जुन्या वस्तीतील घरांची डागडुजी सार्वजनिक गृहनिर्माणाच्या निधीतून करण्याचे तत्त्व १९७३ मध्ये अमलात आले. स्मारके राखायची तर त्यांत राहणारी सामान्य कुटुंबेही राखली पाहिजेत, ही त्यामागील भूमिका. ती पाहण्यास युरोपभरचे नगररचनाकार येऊ लागले. त्याच वर्षी गर्दीच्या वेळी बसप्रवास विनामूल्य करण्यात आला.

आणि मग ११ मार्च १९७७. विद्यापीठ परिसरातील चकमकीत फ्रांचेस्को लोरुस्सो हा विद्यार्थी सशस्त्र पोलिसाच्या गोळीने मरण पावला. विद्यार्थ्यांनी रस्ते रोखले, दुकाने फोडली गेली. पोलिसांनी रेडिओ अलीचे हे विद्यार्थ्यांचे नभोवाणी केंद्र बंद केले. चिलखती वाहने विद्यापीठात शिरली. कायदा-सुव्यवस्था हा विषय सिंदाकोचा नव्हे, प्रिफेक्टचा व गृहमंत्रालयाचा. चिलखती वाहने झांगेरींनी बोलावली नव्हती. तरीही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने नगर म्हणजे साम्यवादी पक्ष आणि पक्ष म्हणजे सिंदाको. रोष त्यांच्यावरच आला. विद्यापीठाच्या प्राध्यापकाला आपल्याच विद्यार्थ्यांशी बोलण्याची भाषा सापडेना, हे त्या प्रसंगातील दुःख. पक्षाने घडविलेल्या सिंदाकोची मर्यादा येथे प्रथम उघडी पडली. त्याला पक्षाचे सर्व बळ मिळत असे, आणि पक्षाचे सर्व दोषही त्याच्याच नावावर जमा होत.

तीन वर्षांनी, २ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी १० वाजून २५ मिनिटांनी रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयात बाँबस्फोट होऊन ८५ जण ठार व २०० हून अधिक जखमी झाले. ६ ऑगस्टला पियाझ्झा माज्जोरेत अंत्यविधीच्या वेळी राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी उपस्थित होते व नगराच्या वतीने झांगेरी बोलले. सरकारच्या प्रतिनिधींविषयी जमावात संताप होता. सिंदाकोचे म्हणणे मात्र लोकांनी ऐकून घेतले. तेव्हापासून दर २ ऑगस्टला बोलोन्याचा सिंदाको, कोणत्याही पक्षाचा असो, स्थानकासमोर बोलतो. कोणत्याही कायद्यात न लिहिलेले हे कर्तव्य आहे. सिंदाको या शब्दाचा मूळ अर्थ, दुसऱ्याच्या बाजूने न्याय मागणारा, येथे जितका शब्दशः खरा ठरतो तितका अन्यत्र कोठेही नाही.

१९९३ चा कायदा

रेन्झो इंबेनी (१९८३-९३) याच्या कारकिर्दीच्या अखेरीस देशाचे राजकारण ढवळून निघाले. १९९२ मध्ये मिलानमध्ये सुरू झालेल्या लाचलुचपतीच्या तपासाने जुने पक्ष कोसळू लागले. अनेक नगरांत पक्षांच्या आघाड्या जुळत व मोडत आणि सिंदाको वर्षा-दोन वर्षांत बदलत. यावर उपाय म्हणून २५ मार्च १९९३ रोजी ८१ क्रमांकाचा कायदा झाला व सिंदाकोची निवड थेट मतदारांकडे आली. बोलोन्याला खरे तर हा रोग नव्हता; सत्तेचाळीस वर्षांत तेथे मोजके चार सिंदाको झाले होते. औषध मात्र सर्वांबरोबर त्यालाही मिळाले.

या कायद्याची रचना थोडक्यात अशी. पंधरा हजारांहून अधिक वस्तीच्या नगरात पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक मते मिळविणारा उमेदवार निवडून येतो. तसे कोणी न मिळविल्यास पहिल्या दोघांत दोन आठवड्यांनी दुसरी फेरी होते. विजयी सिंदाकोच्या बाजूच्या याद्यांना सामान्यतः सभेच्या साठ टक्के जागा मिळतात. आपल्या कार्यकारी मंडळाचे सदस्य तो स्वतः नेमतो व काढतो; नगरसेवकाने मंडळात जायचे तर सभेची जागा सोडावी लागते. सलग दोनच कार्यकाळांची मर्यादा आहे. कार्यकाळ आरंभी चार वर्षांचा होता, १९९९ मध्ये तो पाच वर्षांचा झाला. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम असे, की सभेने अविश्वास ठराव संमत केला, किंवा सिंदाकोने राजीनामा दिला, तर सिंदाको व सभा दोन्ही एकदमच जातात. इटालियन लेखक याला एक लॅटिन सूत्र लावतात : उभे राहतील तर एकत्र, पडतील तर एकत्र.

वॉल्टर व्हिताली याला १९९३ मध्ये जुन्या पद्धतीने सभेने निवडले होते; १९९५ मध्ये तो थेट मतदानाने आला. खरी कसोटी १९९९ मध्ये लागली. डाव्या आघाडीच्या उमेदवार सिल्व्हिया बार्तोलिनी पहिल्या फेरीत पुढे होत्या. दुसऱ्या फेरीत, २७ जून १९९९ रोजी, जॉर्जो ग्वाझ्झालोका याने त्यांना जेमतेम दीड टक्क्याच्या फरकाने हरविले. ग्वाझ्झालोका खाटकाच्या व्यवसायातून वर आलेला, व्यापारी संघटनेचा व पुढे वाणिज्य मंडळाचा अध्यक्ष. तो कोणत्याही पक्षाचा सदस्य म्हणून उभा राहिला नाही. उजव्या पक्षांचा पाठिंबा घेतलेली नागरी यादी त्याने स्वतः काढली. चौपन्न वर्षांची अखंड सत्ता एका रविवारी संपली. जुन्या पद्धतीत हे घडणे जवळजवळ अशक्य होते, कारण सभेतील जागांचे गणित डाव्यांच्या बाजूने होते. मतदारांच्या हाती थेट निवड आली, याचा अर्थ त्या दिवशी बोलोन्याला कळला.

२००४ मध्ये डाव्या आघाडीने सेर्जो कोफ्फेराती या देशातील सर्वांत मोठ्या कामगार महासंघाच्या माजी सरचिटणीसाला उभे केले. तो बोलोन्याचा नव्हता. परका पोदेस्ता आठवावा असाच हा प्रकार, फक्त आता त्याला बोलावले होते पक्षाने आणि स्वीकारले मतदारांनी. तो पहिल्याच फेरीत जिंकला. परंतु कायद्याच्या पालनावर त्याने दिलेला भर, विशेषतः रेनो नदीकाठच्या झोपड्या हटविण्याचा निर्णय, डाव्यांनाच रुचला नाही. पाच वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला नाही.

पंधरा महिने

२००९ मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्लाव्हियो देल्बोनो निवडून आले. प्रादेशिक शासनाचे उपाध्यक्ष असतानाच्या त्यांच्या खर्चासंबंधी चौकशी सुरू झाली आणि जानेवारी २०१० मध्ये, सात महिन्यांतच, त्यांनी राजीनामा जाहीर केला. वर सांगितलेले कलम लागू झाले. सभेतील बहुमत शाबूत होते, तिच्या कोणाही सदस्यावर आरोप नव्हता. तरी सभा बरखास्त झाली. त्या वसंतातील निवडणुकांची मुदत हुकल्याने पुढची निवडणूक थेट मे २०११ मध्ये झाली. मधले सुमारे पंधरा महिने निवृत्त प्रिफेक्ट आन्ना मारिया कांचेल्लिएरी यांनी प्रशासक म्हणून कारभार पाहिला. त्यांनी तो उत्तम पाहिला असे सर्वच पक्षांचे मत पडले आणि त्यांनाच सिंदाकोपदासाठी उभे करावे अशी चर्चाही झाली. पुढे त्या देशाच्या गृहमंत्री झाल्या.

कांचेल्लिएरी यांच्या कार्यक्षमतेमुळे मूळ प्रश्न झाकला जाऊ नये. अंदाजपत्रक, शाळा, वाहतूक यांविषयी पंधरा महिने जे निर्णय झाले, त्यांवर एकाही निवडून आलेल्या व्यक्तीची सही नव्हती. १९२० नंतरच्या प्रशासकाशी याची तुलना करणे अन्यायाचे होईल. तेथे हिंसा होती, येथे कायदा. पण जुन्या पद्धतीत देल्बोनो गेले असते तर सभेने पुढच्या आठवड्यात दुसरा सिंदाको निवडला असता. स्थैर्यासाठी केलेल्या कायद्याने एका व्यक्तीच्या वर्तनावर संपूर्ण नगराचे प्रतिनिधित्व टांगले. थेट निवडीचे समर्थक हा धोका बहुधा हिशेबात धरत नाहीत. तो धरूनही मी थेट निवडीच्याच बाजूने कौल देईन, कारण १९९९ सारखा सत्ताबदल तिच्याविना संभवला नसता. मात्र राजीनाम्यानंतर सभा टिकविण्याची तरतूद असणे मला आवश्यक वाटते.

पट्ट्यावरील दोन चिन्हे

समारंभप्रसंगी सिंदाको खांद्यावरून तिरंगी पट्टा धारण करतो. २००० च्या स्थानिक शासन संहितेनुसार त्यावर प्रजासत्ताकाचे व नगराचे अशी दोन चिन्हे असतात. १८६५ पासूनचा दुहेरीपणा या पट्ट्यात आजही आहे. जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी सिंदाको शासनाचा अधिकारी म्हणून ठेवतो. मतदारांनी निवडले असले तरी त्या कामापुरता तो प्रिफेक्टच्या अधीन.

व्हिर्जिनियो मेरोला (२०११-२१) यांच्या काळात हे स्पष्ट झाले. समलिंगी जोडप्यांच्या परदेशात झालेल्या विवाहांची नोंद नगराच्या दप्तरात करण्याचा आदेश त्यांनी २०१४ मध्ये दिला. गृहमंत्र्यांच्या परिपत्रकानुसार प्रिफेक्टने त्या नोंदी रद्द करविल्या. प्रकरण प्रशासकीय न्यायालयांत गेले आणि सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रिफेक्टचा अधिकार मान्य केला. मात्तेओ लेपोरे ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे ६२ टक्के मते मिळवून पहिल्याच फेरीत निवडून आले, तरी मतदान निम्म्याहून किंचितच अधिक झाले होते. जानेवारी २०२४ पासून नगरातील बहुतांश रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लागू करताच केंद्रीय वाहतूक मंत्रालयाशी त्यांचा खटका उडाला. दोझ्झाला प्रिफेक्ट अंदाजपत्रकावरून अडवू शकत असे. आता विषय बदलले आहेत.

एक नवा प्रश्न २०१४ च्या ५६ क्रमांकाच्या कायद्याने निर्माण केला. बोलोन्या प्रांताच्या जागी १ जानेवारी २०१५ पासून महानगर क्षेत्र आले आणि मुख्य नगराचा सिंदाकोच या क्षेत्राचाही प्रमुख ठरला. क्षेत्रात ५५ नगरे व गावे आहेत, लोकसंख्या सुमारे दहा लाख. म्हणजे ज्याला चार लाखांच्या नगराने निवडले तो दहा लाखांचा प्रमुख. अपेन्नाइन डोंगरातील एखाद्या गावच्या रहिवाशाला आपल्या रस्त्यांचा व शाळांच्या इमारतींचा निर्णय घेणाऱ्या या प्रमुखास मत देण्याचा वा नाकारण्याचा मार्ग नाही. २०२१ च्या २४० क्रमांकाच्या निकालात संविधान न्यायालयाने ही व्यवस्था मतांच्या समानतेशी विसंगत असल्याचे नमूद केले. ती स्वतः रद्द न करता दुरुस्तीचे काम मात्र कायदेमंडळावर सोपविले.